कुत्र्याचा शोसारखा उभा फोटो: पाय, वजन आणि उजेड

चिऱ्याची_भिंत (फोंडा)

नमस्कार मंडळी,

आमची रेवा कारवान जातीची, म्हणजे ज्याला मुधोळ म्हणतात तोच कुत्रा. कर्नाटकातलं मुधोळ गोव्यापासून काही फार लांब नाही, तरी आपल्याकडे हा कुत्रा पाळणारी घरं मोजकीच, आणि त्याचे नीट काढलेले फोटो तर त्याहून मोजके. शोधायला गेलं की मिळतात ते सोप्यावर पसरलेल्या नाहीतर धावत्या कुत्र्यांचे. २००५ साली टपाल खात्याने देशी जातींची चार तिकिटं काढली, त्यात हिमालयन शीपडॉग, रामपूर आणि राजापलयम यांच्या जोडीने मुधोळही होता. एवढ्या मानाच्या कुत्र्याचा बांधा दिसेल असा फोटो आपल्या घरातून निघावा, असं मनापासून वाटतं. मला शोमध्ये उतरायचं नाही. बाजूने उभी, चारी पाय दिसताहेत, पाठीची रेघ स्वच्छ, मान वर, असा एक फोटो हवा आहे.

अडचण अशी की अंगणात ती आपली आपण उभी असते तेव्हा देखणी दिसते, आणि मी पाय लावायला खाली बसलो की सगळं बिघडतं. मागचे पाय पोटाखाली घेते, पाठ कमानीसारखी होते. पुढचा पाय ठेवला की लगेच उचलते. बरं, कसाबसा फोटो निघालाच तर डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. कारवानचे पाय आखूड दिसणं म्हणजे काय सांगू! मुलगा मोबाइलवर काढतो, कॅमेरा नाही.

ज्यांनी शोच्या रिंगमध्ये कुत्रे उभे केले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. घाई नाही.

---

रिंगसाइड (मडगाव)

चांगला धागा. जरा मोठं लिहितो, कारण हा विषय थोडक्यात सांगितला की लोक थेट पंजे ओढायला लागतात.

पायांच्या आधी वजनाकडे बघा. ज्या पायावर भार आहे तो कुत्र्याला उचलता येत नाही, आणि ज्या पायावर भार नाही तो ते एका जागी ठेवत नाही. तुम्ही रेवाचा पाय ठेवता आणि ती उचलते, त्याचं कारण एवढंच. तुम्ही पाय ठेवलात, भार दुसऱ्याच पायावर राहिला.

डावा हात हनुवटीखाली किंवा शो लीड (शोचा बारीक पट्टा) कानांच्या मागे उंच धरून. उजवा पुढचा पाय हलवायचा असेल तर तिचं डोकं हलकेच तिच्या डावीकडे न्या. उजवा खांदा मोकळा झालेला हाताला कळतो. मग कोपराला धरून पाय उचला आणि सरळ खाली सोडा. टेकला की डोकं मध्ये आणा, भार त्यावर येतो आणि पाय तिथेच राहतो. दुसऱ्या पायाला हेच उलट. पंजा मात्र कधी धरू नका. पंजा धरला की कुत्रं पाय मागे ओढतं, आणि मग ती ओढाओढच त्याच्या लक्षात राहते.

कुठे ठेवायचा? गवंडी ओळंबा सोडतो तसा खांद्याच्या उंचवट्यावरून मनातल्या मनात सोडा, तो कोपराजवळून खाली आला पाहिजे. पुढचे दोन्ही पाय समांतर, पंजे समोर.

मागच्या पायांसाठी हात एकदम खाली नेऊ नका. पाठीवरून कमरेवर, तिथून मांडीवर, मग हॉकच्या, म्हणजे मागच्या पायाच्या घोट्यासारख्या सांध्याच्या, जरा वर. कुत्र्याला हात कुठे येतोय हे कळत गेलं की ते दचकत नाही. हॉकपासून जमिनीपर्यंतचा तुकडा जमिनीशी काटकोनात हवा. फार मागे ताणलात तर पाठ खचते. पुढे राहिला तर तुम्ही म्हणता ती कमान येते. पोटाखाली हात घालून उचलू नका, कमान आणखी वाढते.

बक्षिसाचा हात कुठे आहे तेही बघा. खाऊ नाकाच्या वर गेला की मागचा भाग खाली बसतो. रेवा मागे झुकते त्यात याचा वाटा असणार. नाकाच्या पातळीत, दोन बोटं पुढे धरा. मान आपोआप पुढे आणि वर येते, भार पुढच्या पायांवर सरकतो.

आणखी एक, हाताने करून बघण्यासारखं. चारी पाय लागले की छातीवर तळहाताने मागच्या दिशेने अगदी हलका दाब द्या. कुत्रं त्या दाबाविरुद्ध पुढे रेटतं आणि चारी पायांवर घट्ट उभं राहतं. हलका म्हणजे हलकाच.

शेवटचं, कारवानच्या कमरेवर थोडी कमान असतेच आणि पोट वर ओढलेलं असतं. ती जात्याच तशी आहे. ती सपाट करायला जाऊ नका, लॅब्रॅडोरची पाठ तिला शोभणार नाही.

---

डिचोलीची_माई

दादा, खूप उपयोगी लिहिलंत.

आमच्या काळ्या लॅबला, मोतीला, हात लावलेला अजिबात खपत नाही. तो लगेच लोळण घेतो, पोट वर. म्हणून आम्ही हाताविना शिकवलं, ते सांगते.

अंगणात चिरे पडलेलेच असतात. चार तुकडे घेतले, प्रत्येकी पंजा नीट बसेल एवढे, वर गोणपाट बांधलं, कारण चिरा खरखरीत असतो आणि उन्हात तापतो. आधी दोनच, पुढच्या पायांसाठी. पाय ठेवला की "हां!" आणि खाऊ. हां आणि खाऊ यांच्यात वेळ जाऊ द्यायचा नाही. पुढचे पाय आपणहून जाऊन टेकायला लागल्यावर मागचे दोन मांडले. मागच्या पायांचं कुत्र्याला भानच नसतं, हे तेव्हा मला कळलं. मोती मागचा पाय हवेत फिरवत जागा शोधायचा, सापडली की अंग सैल सोडायचा. ते पाहायला फार गोड वाटायचं.

चिऱ्यावर उभं राहिलेलं कुत्रं उगाच पाय हलवत नाही, कारण हलवला तर खाली उतरावं लागतं. पुढे चिऱ्यांच्या जागी गोणपाटाचे नुसते तुकडे, मग तेही काढले. दोन-तीन मिनिटांच्या वर एका वेळी कधीच घेतलं नाही. जेवणाआधी घ्यायचं, भुकेला असला की मन लागतं.

माझा प्रश्न: मोतीचा फोटो काढला की काळा ठिपका दिसतो. डोळे नाहीत, खांदा नाही, काही नाही. काय करावं?

---

सांतइनेजचा_लेन्सवाला

दोघांनाही उत्तर देतो.

चिऱ्याची_भिंत, डोकं मोठं आणि पाय आखूड हा दोष रेवाचा नाही, मुलाचाही नाही. तो जवळ उभा राहून, वरून, साध्या लेन्सने काढतो आहे. जवळची वस्तू मोठी येते. वरून डोकं जवळ, पाय लांब, म्हणून पाय आखूड. त्याला सांगा, चार-पाच मीटर मागे जा, मोबाइलमधली दोन किंवा तीन पट जवळ आणणारी लेन्स निवड, आणि जमिनीवर बस. मोबाइल कुत्र्याच्या कोपर आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर हवा. कॅमेरा असणाऱ्यांनी फुल फ्रेमवर ८५ ते १३५ मिमी वापरावी आणि शटर १/५०० च्या खाली नेऊ नये. कुत्रं उभं असलं तरी कान आणि शेपटी उभ्या नसतात.

दुसरं, बाजूने सरळ बरगड्यांच्या मध्यावर नेम धरायचा. तुम्ही खांद्याच्या बाजूला सरकलात तर छाती अवजड दिसते, मागे सरकलात तर पुठ्ठे. नीट काटकोनात आहात की नाही ते पुढच्या दोन पायांवरून कळतं. पलीकडचा पाय अलीकडच्यामागे जवळजवळ लपला पाहिजे.

माई, काळ्या कुत्र्याला भर उन्हात काढूच नका. वरचा भाग चकाकतो, खालचा बुडतो. तुम्हाला सगळ्यात चांगला उजेड पावसाळ्यात मिळेल, पाऊस थांबलेला असताना, ढगाळ आभाळाखाली. तो उजेड सगळीकडून येतो आणि काळ्या केसांतसुद्धा खांद्याची गोलाई उमटते. मोबाइलवर मोतीच्या खांद्यावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण वर सरकवा. पार्श्वभूमी थोडी पांढरट झाली तरी चालेल, डोळे दिसले पाहिजेत. पावसाळ्यात एकच अडचण, गवत. पंजे बुडाले की सगळी मेहनत वाया. आधी कापून घ्या.

फिकट कुत्र्याचं याच्या उलट. रेवा तांबूस असेल तर तिला चिऱ्यांच्या भिंतीसमोर उभी करू नका, रंगात रंग मिसळतो आणि पाठीची रेघ जाते. गर्द कुंपण किंवा कुळागराची (सुपारीच्या बागेची) सावली मागे असू द्या, आणि तीही लांब, म्हणजे धूसर होईल.

---

काणकोणची_वाट

एवढं सगळं कशाला? आपल्याकडे किनारे आहेत. संध्याकाळी ओहोटीला ओली वाळू कशी कडक असते, गवत नाही, मागे समुद्र. आगोंदला घेऊन या, फोटो आपोआप येतो.

---

सांतइनेजचा_लेन्सवाला

ओल्या वाळूचं म्हणणं पटतं. पाय घसरत नाहीत आणि पंजे स्वच्छ दिसतात. मागे समुद्र मात्र या फोटोला मारक आहे. क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. तुम्ही कॅमेरा कुत्र्याच्या खांद्याजवळ ठेवलात की समुद्राची रेघ बरोबर त्याच्या अंगातून आरपार जाते. वरून काढलं तर रेघ वर जाईल, पण मग पाय आखूड.

आणि संध्याकाळी आपल्याकडे सूर्य समुद्राच्या बाजूला. मागे समुद्र घेतलात तर कुत्रं सावलीत, आकाश पेटलेलं. उलटं करा. तुम्ही समुद्राकडे पाठ करून बसा, कुत्रं पाण्याला समांतर उभं करा. सगळा सोनेरी उजेड त्याच्या अंगावर पडतो आणि मागे माडांची गर्द रांग येते.

---

बार्देशचा_पशुवैद्य

किनाऱ्याबद्दल मला बोललंच पाहिजे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांचे अंडी घालण्याचे किनारे. साधारण नोव्हेंबर ते मार्च मादी वर येते, पिल्लं त्यानंतरही बाहेर पडत राहतात. कुत्रे घरटी उकरतात, पिल्लं मारतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या कासवाला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. हंगामात तिथे कुत्रा नेऊ नये, पट्ट्यात असला तरी. फोटोसाठी दुसरी शंभर ठिकाणं आहेत.

आता तब्येतीचं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून तोंडातला ओलावा उडवतं आणि थंड होतं. आपल्या दमट हवेत तो ओलावा लवकर उडत नाही, म्हणून मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी आठनंतर मैदानावर उभं करणं टाळा. पग, बुलडॉगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर फारच सांभाळा. जमिनीला हाताची मागची बाजू सात सेकंद लावून बघा. तुम्हाला सोसवली नाही तर पंजांनाही सोसवणार नाही.

मैदानाच्या गवतातून घरी आल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. गोचिडतापाचे रुग्ण आमच्याकडे बारा महिने येतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एखादं कुत्रं ठरावीक एका मागच्या पायावर भार द्यायला सतत नकार देत असेल, तर ते हट्टी आहे असं धरून चालू नका. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बऱ्यापैकी आढळतो. उभं करताना तुमच्या हाताला जे कळतं ते मला तपासणीच्या टेबलावर कळेलच असं नाही, कारण तिथे ते घाबरून आखडलेलं असतं. असं वारंवार दिसलं तर शिकवणं थांबवा आणि एक्स-रे काढा.

---

काणकोणची_वाट

डॉक्टर, कासवांचं लक्षात आलं नव्हतं. हंगाम संपेपर्यंत शाळेच्या मैदानावर नेतो.

माझा जर्मन शेफर्ड आहे. त्याचे फोटो वेगळेच असतात ना? एक पाय पुढे, एक मागे?

---

रिंगसाइड (मडगाव)

हो, त्याची उभं राहण्याची पद्धत वेगळी. पुढचे पाय नेहमीसारखे. मागचा अलीकडचा, म्हणजे कॅमेऱ्याकडचा पाय मागे, त्याचा हॉक काटकोनात. पलीकडचा पाय पोटाखाली पुढे. मागून पुढे चालत आणून एकदम थांबवलं की बरेच शेफर्ड आपण होऊन असे उभे राहतात, तो क्षण हेरून खाऊ द्या. हाताने लावायचंच असेल तर आधी मागचा पाय, भार त्यावर, मग पलीकडचा पुढे.

पाठ जास्त उतरती दिसावी म्हणून मागचा पाय वाजवीपेक्षा ताणतात किंवा कुत्र्याला चढावर उभं करतात. ते करू नका. शेफर्ड उंचीपेक्षा लांबीला थोडा जास्त, नराची खांद्यापाशी उंची ६० ते ६५ सेंमी, आणि पाठ थोडीशीच उतरती. बेडकासारखं मागे बसलेलं कुत्रं बघून जाणकार माणूस हळहळतो.

बाकी लॅब, डॉबरमन, कारवान यांना चारी पाय चौकोनात. जातीच्या मानकात उभं राहणं कसं हवं ते वाचून घ्या, केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक जातीचं मानक असतं.

---

रस्त्यावरचे_सोबती (म्हापसा)

वाचते आहे. आमच्याकडे रस्त्यावरून आणलेली, घर शोधणारी कुत्री असतात. त्यांचे असे फोटो काढावेत का? काहींचं म्हणणं, गावठी कुत्र्याला शोचा थाट कशाला.

---

डिचोलीची_माई

काढाच! गावठी कुत्र्याचा बांधा किती रेखीव असतो. घट्ट पोट, सरळ पाय, वळलेली शेपटी. लोकांनी तो कधी नीट पाहिलेलाच नसतो, कारण फोटोत तो नेहमी पिंजऱ्याच्या जाळीमागे, कान पाडून बसलेला.

---

रिंगसाइड (मडगाव)

माईंना पूर्ण अनुमोदन. शिवाय घर देणाऱ्या माणसाला कुत्रा केवढा आहे हे उभ्या फोटोतूनच कळतं. फक्त नव्याने आणलेल्या कुत्र्याचे पाय हाताने लावू नका. त्याला अनोळखी माणसाचा हात नको असतो. चालवत आणा, तुम्ही थांबा, तोही थांबेल. एक पाऊल त्याच्याकडे टाकलंत तर तो भार मागे घेतो, तुम्ही मागे सरलात तर पुढे येतो. या दोन पावलांच्या जोरावर चारी पाय बऱ्यापैकी जुळवता येतात.

आणि पहिला फोटो चेहऱ्याचाच ठेवा. उभा फोटो दुसरा.

---

चिऱ्याची_भिंत (फोंडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली आहे, आणि फरक डोळ्यांना दिसतो. खाऊ नाकाच्या पातळीवर आणला तशी रेवाची कमान निम्मी कमी झाली. डोकं वळवून खांदा मोकळा करण्याचं तर मला फारच भावलं. तिचं वजन बोटांत कळतं. आधी खांद्याचा स्नायू सैल पडतो, मग कोपर हलकं होतं, आणि पाय टेकवल्यावर पंजाची बोटं जमिनीवर थोडी पसरतात. ती पसरली की समजायचं, आता पाय हलणार नाही.

एक अडलंय. पाय लागेपर्यंत ती धापा टाकायला लागते. जीभ बाहेर, डोळे बारीक. कारवानचा तो लांब, शांत चेहरा येतच नाही.

---

सांतइनेजचा_लेन्सवाला

तिसरा माणूस हवा. एक हँडलर, म्हणजे कुत्र्याला उभं करणारा, एक फोटो काढणारा, आणि एक लक्ष वेधणारा, जो रेवाच्या नाकासमोर, आठ-दहा पावलांवर उभा राहील. पाय लागेपर्यंत त्याने गप्प राहायचं. सगळं जुळलं की एकदाच, तिने कधी न ऐकलेला आवाज. सुक्या पानांची मूठ चुरगळा, किल्ल्या पिशवीत हलवा. नवा आवाज कानावर पडला की कुत्रं ऐकण्यासाठी धापा थांबवतं, तोंड मिटतं, कान पुढे येतात, मान उंचावते. तेवढाच अवधी. मुलाने बटण दाबूनच धरायचं, सलग फोटो निघू द्यायचे. तोच आवाज दुसऱ्यांदा चालत नाही, म्हणून तीन-चार वेगळे आवाज जवळ ठेवा. मधे पाणी पाजा, सावलीत न्या.

---

रस्त्यावरचे_सोबती (म्हापसा)

पट्टा आणि हँडलरचा हात फोटोत येतो त्याचं काय? हल्ली मोबाइलवर सगळं पुसता येतं.

---

रिंगसाइड (मडगाव)

पट्टा पुसा, हात पुसा, माझी हरकत नाही. पट्टा कुत्र्याचा भाग नाही. पण पाठीची रेघ सरळ करणं, पोट आणखी वर ओढणं, मान लांब करणं, याला माझा ठाम विरोध. अशा फोटोंवर भुलून लोक पिल्लं घेतात, त्या नर-मादीची जोडी लावतात. कारवानसारख्या जातीचे चांगले फोटो आधीच कमी, त्यात खोटे मिसळले तर पुढच्या पिढीने बघायचं कशाकडे?

---

बार्देशचा_पशुवैद्य

शंभर टक्के सहमत. कान कापणं आणि शेपटी छाटणं हेही त्यातच धरा. फोटोत रुबाब दिसावा म्हणून मला विचारणारे येतात. मी करत नाही.

---

चिऱ्याची_भिंत (फोंडा)

पट्टासुद्धा राहू देईन म्हणतो, सुती, बारीक आहे. एक शेवटचं विचारतो. शेपटी? लॅबची मागे सरळ धरलेली बघितली आहे, सेटरची हँडलर हाताने उचलून धरतात. रेवाची खाली पडते.

---

रिंगसाइड (मडगाव)

खालीच पडू द्या. कारवानची शेपटी सैल, खाली उतरलेली आणि टोकाशी हलकी वळलेली असते, तीच तिची रीत. हात लावलात तर ती आत घेईल आणि मागचे पायही आत येतील, म्हणजे पुन्हा कमान. फक्त फोटो काढण्याआधी एकदा बघा, ती मागच्या दोन पायांच्या मधे अडकलेली नाही ना. अडकली असेल तर तिला हाताने सोडवू नका, दोन पावलं चालवून आणा आणि पुन्हा उभी करा. मोकळी झालेली शेपटी म्हणजे ती घाबरलेली नाही, आता मुलाला सांगा काढ.